देवी दोनदा नाही म्हणाली

त्या पोरीला भूत लागलेलं नव्हतं, हे आधी स्पष्ट लिहितो. आमच्या वाडीतले काही शहाणे अजून तसंच सांगत फिरतात. तिच्या डोक्यात गाठ होती. शेजारच्या घरातली नऊ वर्षांची पोर. सकाळी उठली की डोकं दोन्ही हातांत गच्च धरून बसायची, पोटात काही नसताना ओकायची, आणि अंगणातून चालताना लाटांवरच्या पडावात, छोट्या होडीत, उभी असल्यासारखी डुलायची. मास्तरांनी तिला शाळेतून घरी पाठवलं. बरोबरीच्या पोरींना त्यांच्या आयांनी दटावलं, तिच्या सावलीत उभ्या राहू नका. आजारी लेकराला एकटं पाडायला आपल्या समाजाला फारसा वेळ लागत नाही.

मी तेव्हा रत्नागिरीत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो आणि संध्याकाळी खुळचट रूढींवरची पत्रकं वाटत हिंडायचो. ती पत्रकं वाडीत कुणी वाचत नसे. ती पोर मात्र हट्टानं मागून घ्यायची आणि त्यांच्या होड्या करायची.

"दादा, तुझी होडी बुडत नाय."

"का गो?"

"कागद जाड हाय ना. काकांच्या पंचांगाची लगेच बुडते."

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्याशी दिवा धरून बराच वेळ पाहिलं. मग तिच्या आईला नि मला बाहेर बोलावलं. "मेंदूत गाठ आहे. आधी दृष्टी जाईल. मुंबईत एक सर्जन कवटी उघडून अशा गाठी काढतात. पोर बरी होईल असं मी सांगत नाही. पण दुखणं हलकं होण्याची आशा आहे. न्यायची तर बोटी बंद व्हायच्या आत न्या."

वैशाख सरत आला होता. एकदा पावसाळ्यासाठी बोटी थांबल्या की नारळी पौर्णिमा होईपर्यंत मुंबईची वाट बंद. घाटातून मोटारीनं जावं, तर ते धक्के त्या डोक्याला सोसणार नव्हते.

पोरीचा बाप मुंबईत गिरणीत होता. इथं घरचा कर्ता म्हणजे तिचा थोरला चुलता. तो म्हणाला, "कौल लावू. देवी सांगेल तसं."

मी भडकलो. दगडाला विचारून का पोरीचा जीव ठरवायचा, असं त्याच्या ओटीवर उभा राहून ओरडलो. तेव्हा पोरीच्या आईनं मला मागच्या परसात बोलावलं.

"ओरडू नको. एक सांग. मी कौल न घेता हिला नेली आणि पोर तिथंच गेली, तर? मला परत ह्याच घरात यायचं हाय. सगळी म्हणतील, आयशीनं देवीचं मोडलं नि पोरीला खाल्लं. तू तेव्हा पत्रक काढशील. मी काय काढू?"

कौल लावायच्या दिवशी मी देवळात गेलो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवीच्या पाषाणावर उजव्या नि डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. चुलत्यानं विचारायला लावलं, पोरीला मुंबईला न्यावी का? आम्ही सगळे बघत उभे. डावी कळी पडली.

"झालं," चुलता म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, हे कबूल करायला हवं. त्याचंही त्या पोरीवर प्रेम होतं.

तेवढ्यात मागून आई पुढं आली. "भावोजी, अजून एक विचारायचं हाय."

"देवीनं सांगितलं ना वयनी?"

"नेऊ नको म्हणाली. ठेवायची का, ते कुठं विचारलंत? गुरवदादा, गाऱ्हाणं घाला. पोर घरात ठेवून तिचे डोळे जाऊ देत, ती विव्हळत मरू दे, असा तुझा हुकूम असेल तर उजवा दे."

गुरवानं चुलत्याकडं पाहिलं. दुसरा प्रश्न विचारू नये असा काही नेम नव्हता. चुलत्यानं मान हलवली. पुन्हा कळ्या लागल्या. आणि मी, कौलावर दोन पत्रकं जुळवलेला माणूस, त्या पाषाणाकडं टक लावून मनात म्हणत होतो, डावी पड, बाई, डावी पड.

डावी पडली.

आईच्या कमरेला टेकलेली पोर म्हणाली, "आये, देवीला कायच नको हाय."

गुरव हसला. मग बाकीचे हसले. चुलता खांबाला टेकून खाली बसला. "मग आता गो?"

"आता आपण ठरवायचं," आई म्हणाली.

चुलता उठत म्हणाला, "बोटीवर वारा लागेल. माझी घोंगडी न्या."

बंदरातून पडावानं आम्ही खोल पाण्यात उभ्या बोटीकडं निघालो. पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. "दादा, मी बरी होईन?"

पत्रकवाल्याकडं सगळ्याची उत्तरं तयार असतात. "ठाऊक नाही गो. पण तिथं तुला भूत म्हणणारं कुणी नाही. आणि मी तुला सोडून जात नाही."

"मग चालेल."

मुंबईत तिचे केस काढले तेव्हा ती रडली. बाप तिच्याहून जास्त रडला. सर्जनांनी हाताला लागली तेवढी गाठ काढली. उरलेली राहिली, हे त्यांनी आमच्यापासून लपवलं नाही. पण डोकं दुखायचं थांबलं. बोटी सुरू झाल्यावर ती परत आली ती स्वतःच्या पायांनी ओटी चढली. एका डोळ्यानं अंधुक दिसायचं. पोरी आधी कुंपणाशी घुटमळल्या, मग टाळूवरचे कोवळे केस हात लावून बघायला आल्या आणि तिथंच खेळायला बसल्या. आया हाका मारून थकल्या. शिमग्यात अंगणात पालखी नाचली तेव्हा चुलत्यानं तिला खांद्यावर घेतली होती, आणि ती त्याचे कान धरून त्याला ढोलाच्या तालावर हलवत होती.

चैत्रात ती गेली. आईच्या मांडीवर, न विव्हळता.

"एवढं करून मिळालं काय?" असं मला तोंडावर विचारणारे भेटतात. त्यांना मी शिव्या देतो, पत्रकात छापता येणार नाहीत अशा.

पुढल्या वर्षी देवरूखकडची एक बाई मुलाला घेऊन आली. त्याचंही डोकं दुखायचं. कुणीतरी तिला ह्या घराचा पत्ता दिला होता. पोरीच्या आईनं त्या मुलाला चटईवर निजवलं, बाईपुढं चहा ठेवला.

"तुमची बरी झाली का?" बाईनं विचारलं.

"नाय."

बाईनं कप खाली ठेवला.

"पण हिंडली, खेळली, चुलत्याचे कान पिळले," आई म्हणाली. "तुझा कदाचित बरा होईल. मला ठाऊक नाय. त्याच्याशी खोटं बोलू नको, पोरांना कळतं. बोटीत डोकं उंचावर ठेव." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अरे, उद्याची बोट कितीला हाय, बघून ये. मी जाते हिच्यासंगती."