सासूबाईंचा काचेचा गोठा

माझ्या सासूबाईंइतकं दुसऱ्याचं घर आपलं समजणारं माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरं नाही, आणि हे मी बावीस वर्षांच्या अनुभवावरून, पूर्ण शुद्धीवर असताना सांगते आहे. शिरोळजवळच्या गावात त्यांनी जन्मभर म्हशी सांभाळल्या. सासरे गेले, म्हशी विकल्या, गावाकडचं घर थोरल्या दिरांवर सोपवलं आणि त्या आमच्या राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. आल्या तेव्हा हातात एक कापडी पिशवी होती. महिन्याभरात माझी पिठाची कोठी ओट्याखालून ओट्याच्या टोकाला गेली, दूधवाल्याला त्याच्या म्हशीला सरकी किती घालावी याचं ज्ञान मिळालं, आणि समोरच्या घरातल्या नव्या सुनेनं डोक्याला तेल कोणतं लावावं हे आमच्या दारात उभं राहून ठरलं. मी सोसलं. हाताला काम नाही बिचारीच्या, असं मनाला समजावत राहिले. मग देवानं त्यांच्या हाताला काम द्यायचं ठरवलं, पण ठरवताना माझा काडीचाही विचार केला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर कंपनीत नोकरी करणारी एक मुलगी भाड्यानं राहायची. तिला परदेशातली नोकरी लागली आणि ती जिन्यात बसून रडायला लागली. कारण काय, तर तिच्याकडे दोन पाली होत्या. वाळवंटातल्या. पिवळ्याधमक, अंगावर काळे ठिपके, शेपट्या गाजरासारख्या जाड. परदेशी जनावरं म्हणून तिनं त्यांची सरकारदरबारी रीतसर नोंद केलेली, नीट कागद होते. पण पाली घेणार कोण? मी शाळेतून येत होते, ते दृश्य पाहिलं, 'होईल काहीतरी' असं म्हणून दोन पायऱ्या वर चढले. तेवढ्यात आमचं दार उघडलं आणि आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, आवाज आला, "रडतीस कशाला गं पोरी? आण की हिकडं. हितं काय जागा न्हाय व्हय?" जागा! ज्या घरात माझ्या पुस्तकांचं कपाट ठेवायला जागा नाही म्हणून ते माहेरी आजऱ्याला पडून आहे, त्या घरात!

मला पालीची भीती वाटते. किळस नाही, भीती. हे आईंना ठाऊक होतं, कारण स्वयंपाकघरात पाल दिसली की मी जी बाहेर पडते ती पाल गेल्याची बातमी येईपर्यंत आत जात नाही. एवढंच नाही, खुद्द या बाईच्या खांद्यावर एकदा गावाकडच्या घरात पाल पडली होती, तेव्हा त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, देवापुढं दिवा लावला आणि पंचांगात बघायला आमच्या ह्यांना पिटाळलं. त्याची आठवण मी करून दिली. त्या शांतपणे म्हणाल्या, "ती पाल येगळी. ती भिंतीवरनं फिरती, बिनबोलावता येती. ही पावणी हाय." आमचे हे एवढंच म्हणाले, "आई, तू म्हणजे कायतरीच." आणि पेपर उघडून बसले. आईपुढं ह्यांचा विरोध आजवर एका वाक्याच्या पुढं गेलेला नाही.

पालींची काचेची पेटी वरून खाली आणताना जिन्याच्या कठड्यावर आपटली आणि तडकली. मला वाटलं, सुटलो. आईंना वाटलं, बरं झालं, तसाही गोठा नीट बांधलेला नव्हता. हो, गोठा. पहिल्या दिवसापासून आई पेटीला गोठाच म्हणतात. "जनावर म्हटल्यावर गोठा लागतोय. वल एका अंगाला, ऊब एका अंगाला." त्या मुलीनं मोठ्या अक्षरांत लिहून दिलेला कागद त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीत जाऊन काचवाल्याच्या डोक्यावर उभं राहून, वर जाळीचं झाकण असलेली साडेतीन फुटांची पेटी करून घेतली. लांबीच्या बाजूनं मधोमध काच घालून दोन कप्पे, एकेकीला एक. ती ठेवली कुठं? माझ्या माहेरहून आलेल्या शोकेसच्या जागी. शोकेस आता आमच्या बेडरूममध्ये पलंगाला चिकटून आहे आणि मी उठताना रोज तिच्या कोपऱ्यावर गुडघा आपटते.

दोन्ही कप्प्यांत मांडणी एकच. एका टोकाला खालून ऊब देणारी विजेची चटई, तिला थर्मोस्टॅट. दुसरं टोक गार. उबेच्या बाजूला गावाकडून मागवलेलं नळीचं कौल, त्याच्याखाली लपायला जागा. गार बाजूला दार कापलेली करवंटी. मध्ये झाकणाला भोक पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, आत ओलं फडकं. तो डबा म्हणजे न्हाणी. कात टाकायची वेळ आली की पाल न्हाणीत जाऊन बसते आणि ओलाव्यानं कात सुटते. हे सगळं कागदात होतं. एवढंच कशाला, वाळू घालू नका, ती पोटात जाऊन पाल मरते, असंही होतं. मी चिडून विचारलं, "वाळवंटातल्या पालीला वाळू चालत नाही?" आई म्हणाल्या, "आपण रानातली मानसं. म्हनून काय माती खातो?" तळाला फरशीचे तुकडे बसले. ते आमच्या न्हाणीघराच्या दुरुस्तीसाठी जपून ठेवलेले होते, हे सांगून काही उपयोग नव्हता.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात इथं पापडसुद्धा मऊ पडतात, आणि या बाईंनी पेटीत वाळवंट राखायचा चंग बांधला. ऑगस्टमध्ये आमचे कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते, पण पालींच्या पेटीजवळचा पंखा कोरड्या हवेसाठी दिवसभर चालू. थंडीत वीज गेली की ह्यांच्या कंबरेची गरम पाण्याची रबरी पिशवी पेटीखाली जायची. हे कण्हत बसायचे. "तुला पांघरूण घेता येतंय. त्यांना येतंय व्हय?" हा आईंचा युक्तिवाद. मी वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते, तरी पाणी तापवून पिशवीत भरून द्यायची मीच.

पालींची नावंही सांगायला हवीत, कारण माझा सर्वांत मोठा अपमान तिथंच आहे. एक थोरली, एक धाकटी. आईंना सुना दोन. गावाकडची थोरली जाऊ आणि मी धाकटी. आत स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटत असायची आणि बाहेरून हाक यायची, "धाकटे, खाल्लंस का न्हाय?" मी आतून म्हणायची, "नाही अजून." मग उत्तर यायचं, "तुला न्हाय गं, तिला इचारतोय." असं किती वेळा झालं ते मी मोजलेलं नाही. शेवटी मी ओ देणंच बंद केलं. तर एकदा खरोखर मलाच हाक मारली होती आणि मी ओ दिली नाही म्हणून बोलणी खाल्ली.

आणि खाणं! बावीस वर्षं मी धान्याला ऊन दाखवते, पीठ चाळते, रव्यात लवंगा टाकते, कशासाठी, तर घरात अळी होऊ नये. आता माझ्या फ्रिजवर एका पसरट डब्यात गव्हाच्या कोंड्यात अळ्यांची पैदास चालते. मुद्दाम. त्यांना गाजराचा काप घालतात. कोंडा गिरणीतून ताजा येतो. त्या अळ्या चिमट्यानं उचलायच्या, जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या पांढऱ्या भुकटीत घोळायच्या आणि दिवेलागणीला पालीपुढं धरायच्या. पाल आधी मान वाकडी करून बघते, शेपटीचं टोक हलवते आणि मग झडप. आई प्रत्येक घासाला "हां, बास, सावकाश" म्हणतात. डॉक्टर बिचारे गाई-कुत्र्यांचे. आईंनी पाल टेबलावर ठेवली तेव्हा ते खुर्चीसकट मागं सरकले, असं आई मोठ्या अभिमानानं सांगतात. "डॉक्टर झाला म्हनून काय झालं, शिकला की माझ्यासंगं."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी पेटीवर भरतकामाचा टेबलक्लॉथ पांघरला, वर फुलदाणी ठेवली. अर्धा तास बरा गेला. मग आईंना पालींच्या हवेची काळजी वाटली आणि त्यांनी भर बायकांत तो टेबलक्लॉथ ओढून काढला. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका वाण हातात धरून पेटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी "अगं बाई, पाल!" म्हणून जी उडी मारली, तिच्यात तिळगुळाचं ताट गेलं. आई रागावल्या, पण मुख्याध्यापिकांवर. "पाल काय म्हनतीस? डोळं बघ आधी. पापणी हाय तिला. तुझ्या भिंतीवरल्या पालीला हाय का पापणी? ही काचंवर चढत न्हाय, चुकचुकत न्हाय, कुनाला काय बोलत न्हाय." शेवटच्या वाक्याला त्यांनी माझ्याकडं का पाहिलं, ते मी विचारलं नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलंही असतं. पण आईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या. आई म्हणाल्या, पालींना कोण बघणार? सहा महिने गेले, आठ गेले. चहात साखर समजून मीठ पडलं. मग एका संध्याकाळी त्या चिमट्यात अळी नसताना रिकामा चिमटा थोरलीपुढं धरून "खा की गं" म्हणत बसलेल्या मला दिसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा पाल मोठी? मी ओरडले, "जा तुम्ही ऑपरेशनला! मी बघते तुमच्या पाली!" ह्यांनी पेपर खाली ठेवला. आई म्हणाल्या, "बघ हां. बोललीयास."

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, मग काळा चष्मा, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. त्या दिवाणावर बसून हुकूम सोडायच्या आणि मी पेटीत हात घालायची. हात म्हणजे कोपरापर्यंत ह्यांचे गाडी पुसायचे रबरी मोजे. तिसऱ्या दिवशी दुपारी आईंचा डोळा लागला होता, म्हणून मी धाकटीच्या न्हाणीतलं फडकं बदलायला घेतलं. ती कौलाखालून अचानक बाहेर आली, मी दचकले, घाबरून तिला मागूनच धरलं, आणि तिची शेपटी तुटून माझ्या हातात राहिली. नुसती राहिली नाही, वळवळत राहिली. मी किंचाळले, शेपटी फरशीवर पडली, तिथंही वळवळतच होती. दिवाणावरून आवाज आला, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काही नाही आई, ताट पडलं."

मी जनावरांच्या डॉक्टरांना चोरून फोन केला. ते म्हणाले, जखम कोरडी ठेवा, तळाला स्वच्छ कागद घाला, रोज बदला, शेपूट परत येईल. पण सगळी चरबी त्या शेपटीत साठलेली असते, तेव्हा खाणं सांभाळा. पुढचे दोन आठवडे मी काय केलं ते मलाच खरं वाटत नाही. शाळेत जायच्या आधी कागद, आल्यावर कागद. मोज्यांत अळी नीट धरता येईना म्हणून मोजे काढले. धाकटी पाच दिवस काही खाईना. करवंटीत तोंड घालून बसायची. सहाव्या दिवशी तिनं माझ्या चिमट्यातली अळी घेतली, आणि मी, जी पाल दिसली की घराबाहेर जाते ती मी, हॉलमध्ये फतकल मारून रडले. मग स्वतःचाच इतका राग आला की उठून ओटा दोनदा धुतला.

डोळ्यांची तपासणी झाली, काळा चष्मा निघाला. घरी आल्या आल्या आई चप्पल काढून थेट पेटीपाशी. मी मागं उभी, पाठ ताठ, जे काय ऐकावं लागेल ते ऐकायच्या तयारीनं. धाकटीच्या मागं बोटाच्या पेराएवढा गुळगुळीत कोंब आला होता. आईंनी वाकून तो नीट बघितला.

"मला त्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "ताट पडल्याचा आवाज म्हाईत न्हाय व्हय मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू परत हात घातला नसतास. मला म्हशीनं पयल्यांदा लाथ घातली तवा माझी सासू बी तोंड फिरवून बसलीती." मग काचेवर बोट ठेवत म्हणाल्या, "ती पोरगी सांगत हुती, ह्या इस-इस वर्सं जगत्यात. माझं काय इस वर्सांचं गणित हाय?"

मला भांडायचं होतं. मला न सांगता मला शिकायला बसवलं, याचा जाब विचारायचा होता. तोंडातून एवढंच निघालं, "चहा टाकते."

यंदा दिवाळीनंतर आई गावाकडं गेल्या. गुडघे तीन मजले चढू देत नाहीत आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. थोरल्या दिरांकडं सगळं तळमजल्यावर, अंगण, समोर रान. जाताना पिशवी एकच होती. पाली नेणार का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तितं मांजरं हाईत चार. हितंच ऱ्हाऊ देत."

गेल्या महिन्यात त्या डोळे दाखवायला आल्या होत्या. एकेका मजल्यावर टेकत, दम घेत वर आल्या. चहासुद्धा न घेता पेटीचं झाकण उघडलं आणि उताणा तळवा फरशीवर ठेवून बसल्या, पूर्वी बसायच्या तशा. "ये की गं. मी हाय." धाकटी कौलाखालून आली. तळव्याचा वास घेतला, जीभ लावली, थबकली. मग वळसा घालून, पेटीच्या कडेवर मी सहज टेकवलेल्या हाताकडं आली आणि पुढचे दोन पाय उचलून माझ्या बोटांकडं बघत उभी राहिली.

मी घाईनं हात काढून घेतला. चोरी पकडल्यासारखं झालं मला.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," आई म्हणाल्या. "जो वैरण घालतोय त्याच्याकडंच जातंय जनावर. बरं झालं." त्यांनी आपला हात बाहेर घेतला, पदराला पुसला, झाकण लावलं आणि ते नीट बसलंय का हे दोनदा दाबून पाहिलं. मग खिडकीकडं तोंड करून बसल्या. मी चहा आणला, तर बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यात काही खोट न काढता पिऊन टाकला.

खाली रिक्षात बसवताना मी विचारलं, "परत कधी येणार?" त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, तिसऱ्या मजल्याकडं मान वर करून पाहिलं. "बघू की," म्हणाल्या.