गुळगुळीत भिंतींचे खड्डे

ओळंब्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाया खणणारा मजूर तो. खणलेली बाजू ओळंब्याची दोरी सोडून तपासली तरी सरळ भरायची, म्हणून गवंड्यांनी हे नाव पाडलेलं. कामावर जायच्या आधी तो कुदळ खांद्यावर टाकून ताईच्या शेतावर यायचा. डोळ्यांवर झोप असायची. धुक्यात त्याला उतारावरची माती चालताना दिसायची, मेंढरांसारखी, सावकाश, खाली घळीकडे.

माती खरंच चालली होती. दर पावसाळ्यात घळ शेत खात वर सरकायची. आणखी थोडी सरकली की ताईला घर सोडावं लागणार होतं.

गावाजवळच्या रोपवाटिकेतल्या एका बाईंनी रोपं दिली. रानात मोजकीच उरलेली ही झाडं. बिया गोळा करून त्यांनी ती वाढवलेली. मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात, म्हणाल्या.

ओळंब्याने उतारभर खड्डे खणले. कडा तासल्या, ओल्या चिकणमातीच्या भिंती फावड्याच्या पात्याने घोटल्या.

"अरे, झाडं लावतोयस की हौद बांधतोयस?" ताई हसली.

"काम म्हणजे काम, ताई."

दुसऱ्या पावसाळ्यात रोपं आडवी झाली. त्याने एक उपटून पाहिलं. मुळं आतल्या आत गोल फिरून त्यांचं वेटोळं झालं होतं. एकालाही बाहेर वाट सापडली नव्हती.

तो ते घेऊन रोपवाटिकेत गेला. बाईंनी ते रोप हातात घेतलं. "दादा, मुळांना ओबडधोबड भिंत लागते. तुम्ही तर कोंडूनच घातलंत त्यांना."

त्या दिवशी तो जेवला नाही.

"तोंड पाडून काय बसलास?" ताई म्हणाली. "घळ काही तुझा रुसवा काढायला थांबणार नाही."

तो पुन्हा खणायला लागला. वाकडं खणणं फार जड गेलं. हात आपोआप कड सरळ करायला जायचे. मग तो डोळे मिटायचा आणि कुदळीच्या टोकाने भिंती ओरबाडायचा. वाटायचं, आत कुणी झोपलंय आणि आपण त्याच्यासाठी खिडक्या पाडतोय.

या खेपेची रोपं धरली. काही वर्षांत उतारावर सावली पसरली. घळ होती तिथेच थांबली.

ताईच्या घराला त्या बाजूने दार नव्हतं. घळ नजरेला पडू नये म्हणून तिने कोरी भिंतच ठेवलेली. ओळंब्याने साठवलेली मजुरी बाहेर काढली, ती भिंत फोडली आणि झाडांकडे उघडणारं चांगलं जाड लाकडी दार बसवून घेतलं.