चांगुणाबाईची बोलती झालेली लेक

चांगुणाबाईला ऐकू येत नव्हतं, पण वडीगोद्रीत तिच्याइतकी बडबडी बाई दुसरी नव्हती. बाहेरगावच्या माणसाला ही थट्टा वाटेल. पण फाट्यावरच्या एस.टी. थांब्यावर ती उकडलेल्या शेंगा विकायला बसायची, तिथं घटकाभर उभं राहिलं की कोणालाही पटायचं. कोणता कंडक्टर आज बायकोशी भांडून आलाय, कोणाची म्हैस कोणाच्या वावरात शिरली, सरपंचाला नवी चप्पल कशी चावते, हे सगळं ती हातांनी, भुवयांनी आणि गालांनी सांगायची. सरपंचाचं लंगडणं तर इतकं हुबेहूब करायची, की सरपंच स्वतः समोर आला तरी लोकांना हसू आवरायचं नाही.

ती मूळची मंठ्याकडची. तान्ही असताना ताप आला आणि ताप उतरला तेव्हा कान गेले होते. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. भावंडांत खेळता खेळता हातांची एक बोली तयार झाली आणि लग्न होऊन वडीगोद्रीच्या भीमनगरात आली तेव्हा ती बोली सोबत आली. सोयरीक जमवताना मधल्या माणसानं “पोरीला जरा कमी ऐकू येतं” एवढंच सांगितलं होतं. साहेबरावानं ते हसण्यावारी नेलं. तो कचरूलाल शेठच्या आडतीवर हमाली करायचा, स्वभावानं गरीब आणि कामाला वाघ. पहिल्या वर्षभरात त्याला बायकोच्या बोलीतलं ‘जेव’, ‘चल’ आणि ‘झोप’ एवढंच यायचं. नव्या नवऱ्याला तेवढं पुरतं, असं शेजारची केशरबाई म्हणायची आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसायची.

पुढे साहेबराव शिकला, केशरबाई शिकली आणि हळूहळू अर्धं गाव शिकलं. ते काही पुण्य मिळवायला शिकले नव्हते. चांगुणाबाईच्या शेंगा चांगल्या असायच्या आणि तिच्याकडच्या बातम्या त्याहून चांगल्या. कचरूलाल शेठचे वाडवडील राजस्थानातून आलेले. डोक्याभोवती बोट फिरवून पगडी दाखवली की शेठ, असं तिनं त्यांचं नाव ठेवलं होतं. शेठही तिला लांबून पाहिलं की तसंच बोट फिरवायचे. गाव अगदी देवमाणसांचं होतं असंही नाही. मागून ‘मुकी’ म्हणणारे होते, सुटे पैसे देताना हातचलाखी करणारेही होते. त्यांचीही नावं तिनं ठेवली होती, ती इथं लिहिता येणार नाहीत.

मग बेबीनंदा झाली. पोरगी वर्ष-दीड वर्षाची असताना केशरबाईनं तिच्या पाठीमागं थाळी वाजवून पाहिली. पोरगी मान न वळवता मातीत रेघा मारत बसली. साहेबरावाचं तोंड काळवंडलं. भीमनगरातल्या बाया दुःखाला आल्यासारख्या येऊन बसल्या. चांगुणाबाईला मात्र वाईट वाटलं नाही. हे सरळच सांगितलेलं बरं, कारण लोकांनी ते कधी मान्य केलं नाही. तिला आयुष्यात पहिल्यांदा असं माणूस मिळालं होतं, ज्याच्याशी तिला सावकाश, दोनदोनदा सांगत बोलावं लागणार नव्हतं. मायलेकी बोलायला लागल्या की हात इतके भरभर चालायचे, की साहेबराव एकीची मान धरून विचारायचा, काय चाललंय मलाही सांगा. त्याला सांगितलं जायचं ते निम्मंच.

बेबीनंदा सात वर्षांची झाली तेव्हा गावच्या शाळेतले बद्रीनाथ गुरुजी साहेबरावाला गाठून म्हणाले, “साहेबराव, पोरीला घरी कशाला ठेवतो? सरकार मुक्या-बहिऱ्या लेकरांना शिकवून राह्यलं. शहरात शाळा हाय, राहणं-खाणं तिथंच. सरकारचा वजिफा, म्हंजे शिष्यवृत्ती, मिळतो. गेल्या सहा-सात वर्षांत ही सोय निघालीय, तिचा फायदा घे.”

साहेबरावाला दुसरं काही सांगावं लागलं नाही. लेकराला शाळेत न घालणारा बाप भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं मान वर करून पाहू शकत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. चांगुणाबाईनं मात्र खोदून खोदून विचारलं. तिथं कोण असतं? सगळी हिच्यासारखीच लेकरं. मग तिथं हातांनी बोलतात? साहेबराव हसला. एवढी मुकी-बहिरी लेकरं एका जागी आल्यावर दुसरं काय करतील? तिथं तर ही आणखी दहापट बोलायला शिकेल, असं त्यानं हातांनी सांगितलं. एवढ्या एका बोलीवर चांगुणाबाईनं पोरगी पाठवली.

साहेबराव खोटं बोलला नव्हता. मुक्यांच्या शाळेत हातच बंद ठेवतात, हे वडीगोद्रीत कोणाच्या डोक्यात येणार? पण त्या काळी शिकल्यासवरल्या लोकांत असाच विचार होता, की हात चालले तर जीभ चालणार नाही. हातांच्या बोलीला सरकारदरबारी मान मिळायला अजून बराच काळ जायचा होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत साहेबराव पोरीला आणायला गेला. दुपारच्या गाडीनं दोघं फाट्यावर उतरले. चांगुणाबाई टोपली सोडून धावली, आणि धावता धावताच तिच्या हातांनी पोरीला धडाधड प्रश्न विचारले. वाळलीस का? केस कोणी कापले? मैत्रीण केलीस का? बेबीनंदाचे हात पाठीमागं होते. तिनं बापाकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि ओठ ताणले.

“आ… ई.”

थांब्यावर एकच गलका झाला. “पोरगी बोलली! साहेबरावाची पोरगी बोलली!” साहेबराव भर रस्त्यात रडला, त्याची लाज त्याला वाटली नाही. कचरूलाल शेठ समोरच्या आडतीतल्या गादीवरून उठून बाहेर आले आणि पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणाले, “कमाल केली साहेबराव! बिलकुल साफ बोलली.”

चांगुणाबाईला दिसलं ते एवढंच, की पोरीनं आ वासला. त्यांच्या बोलीत आ वासणं म्हणजे भूक. लेकरांना उपाशी ठेवणाऱ्या त्या शाळेला तिनं हातांनी एक सणसणीत शिवी दिली, फडक्यातली भाकरी सोडली आणि पोरीला घास भरवला. पोरीनं तोंडात घास असतानाच पुन्हा म्हटलं, “आई.” चांगुणाबाईनं दुसरा घास भरला. लोक पोट धरधरून हसायला लागले. शेवटी साहेबरावानं डोळे पुसत बायकोला समजावलं. तिला भूक नाही, ती तुला बोलवतेय.

चांगुणाबाईनं विचारलं, मी तर समोर उभी आहे, मग बोलवायचं कशाला? आणि तोंडानं का?

साहेबरावानं पोरीची पिशवी उचलली आणि घराची वाट धरली. शाळेच्या मुख्याध्यापकांनी निघताना त्याला बजावलं होतं, की घरी इशारे बिलकुल चालणार नाहीत, पोरगी तोंडानं मागेल तरच द्यायचं, नाहीतर वर्षभराची मेहनत वाया जाईल. साहेबराव शब्दाचा पक्का. घरी आल्यावर त्यानं हा कायदा दुसऱ्याच दिवशी लावला. पोरीनं नकळत अंगठा तोंडाशी नेऊन पाणी मागितलं, त्यानं तोंड फिरवलं. पोरगी रडकुंडीला येऊन “पाई, पाई” म्हणाली तेव्हा तांब्या दिला. चांगुणाबाई चुलीपाशी बसून बघत होती. पुन्हा तसं झालं तेव्हा तिनं उठून तांब्या पोरीच्या हातात दिला, आणि नवरा-बायकोचं असं भांडण झालं की भांडी पडल्याचा तेवढा आवाज शेजारी गेला.

केशरबाई आली. “भाऊजी, लेकराला पाण्यासाठी रडवतेत का कुणी?”

“वहिनी, मला काय हौस हाय का?” साहेबराव म्हणाला. “मला बी पाहवत न्हाई. पण आज बोलली न्हाई तर उद्या ही बी थांब्यावर शेंगाच विकत बसंल. चांगुणासारखं गाव तिला बी मिळंल, ह्याची हमी कोण देतं?”

केशरबाई पडलेली भांडी उचलायला लागली. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

पोरीसमोर साहेबरावानं स्वतःचे हातही आवरते घेतले. बायकोशी काही बोलायचं झालं तर तो तिला परसात नेऊन बोलायचा, तेही थोडक्यात. घरात तीन माणसं होती आणि चांगुणाबाईशी बोलणारं कोणी नव्हतं. ती वेणी घालताना पोरीला काही विचारायची, तर पोरगी दोन्ही हात मांडीखाली घालून बसायची. चांगुणाबाईला वाटलं, शहरात राहून आलेल्या लेकीला आता आपली लाज वाटते. हे तिच्या मनाला फार लागलं. थांब्यावर तिनं सरपंचाची नक्कल करणं सोडलं. गिऱ्हाईक बोट दाखवायचं, ती माप भरायची. कंडक्टर विचारायचे, बाईला काय झालं? केशरबाई सांगायची, “काय व्हायचंय? पोरगी बोलती झाली.”

गावोगावच्या जयंत्या आमच्याकडं चौदा एप्रिलला संपत नाहीत, महिना-दीड महिना चालतात. भीमनगरची जयंती त्या वर्षी मे महिन्यात होती. मांडव पडला, अंबडहून लाऊडस्पीकर आला, समाजकल्याणचे एक साहेब पाहुणे म्हणून आले. बद्रीनाथ गुरुजींनी कार्यक्रमात बेबीनंदाचं नाव घातलं होतं आणि साहेबरावानं तिच्याकडून रोज पाठ करून घेतलं होतं. पोरगी मंचावर आली, हात पाठीमागं बांधले आणि माईकसमोर म्हणाली, “जय… भीम. माझे नाव… बेबीनंदा.” अक्षरं तुटक होती, पण कळत होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबही खूश झाले. शाळेत त्यांनी असं काही पाहिलं असेल, पण मांडवात नाही.

“शाब्बास,” ते म्हणाले. “हिची आई आली असेल ना? तिला वर बोलव म्हणावं.”

गुरुजींनी पोरीसमोर ओठ मोठे करून तेच सांगितलं. तिला समजलं. ती माईकजवळ सरकली.

“आई.”

सगळ्या मांडवानं वळून बायांमध्ये बसलेल्या चांगुणाबाईकडं पाहिलं. सगळे आपल्याकडं बघतायत हे पाहून चांगुणाबाईनं मागं वळून पाहिलं, की आपल्या पाठीमागं कोण आलंय. पुढं बसलेली काही पोरं हसली. बायांतलं कोणी हसलं नाही.

“आई!” पोरीनं जोरात हाक मारली. माईक किंचाळला. चांगुणाबाई अजून मागंच बघत होती. पोरगी पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली. तिनं पाठीमागं एक हात दुसऱ्या हातात आवळून धरला होता, आणि हात काही सुटले नाहीत. जे शिकवलं होतं ते ती चोख पाळत होती.

मंचाच्या कडेला उभा असलेला साहेबराव हे बघत होता. लेकीचा आवाज गावभर जात होता, महामार्गावरच्या गाड्यांपर्यंत जात होता, आणि ज्या बाईसाठी तो होता तिच्यापर्यंत तो जन्मात पोचणार नव्हता. त्यानं दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांसमोर, लेकीसमोर, बायकोला सांगितलं, ती तुला बोलवतेय. वर ये.

चांगुणाबाई उठली. बायांना ओलांडत मंचावर आली. साहेबांकडं तिनं पाहिलंही नाही. ती पोरीच्या मागं गेली, तिची आवळलेली बोटं एकेक करून सोडवली, हात पुढं आणले आणि समोर बसून तिला सांगितलं, आता बोल.

बेबीनंदानं गुरुजींकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. मग तिचे हात हलले. आधी सावकाश, मग सुटलेच. भीमनगरला ती बोली थोडीफार येत होती. पहिल्यांदा बायांमधली कुजबुज थांबली, मग पुरुषांमधली.

साहेबांनी विचारलं, “काय सांगतेय ती?” गुरुजींनी साहेबरावाकडं बोट केलं, आणि कोणीतरी माईक त्याच्या तोंडासमोर धरला.

“साहेब,” साहेबराव म्हणाला, “ती म्हणती, शाळंत हात हलले की फितीनं बांधतेत. जेवायच्या वक्ताला सोडतेत.”

“अन्?”

“म्हणती, रात्री दिवा जायच्या आधी पोरी न्हाणीत जाऊन चोरून हातानं बोलतेत. तिथं लई मैत्रिणी झाल्या म्हणती. एक जिंतूरची हाय.” तो थांबला. पोरीचे हात थांबले नव्हते.

“पुढं सांगा की,” साहेब म्हणाले.

“पुढं…” साहेबरावाचा आवाज लाऊडस्पीकरमधून फाट्यापर्यंत गेला. “म्हणती, वाटलं घरी गेल्यावर बोलायला मिळंल. तर घरी बाबा बी तसंच करून राह्यलेत.”

चांगुणाबाईनं पोरीला जवळ ओढून घेतलं. मग एक हात मोकळा करून तिनं नवऱ्याला काही सांगितलं, मोजकंच, आणि साहेबांकडं मान हलवून दाखवली, हे यांना सांग.

साहेबरावानं माईक स्वतःच्या हातात घेतला.

“हिची आई म्हणती, पोरगी शाळंत येईल. पण हात बी तिच्यासंगं येतील. दोन्ही घेणार असले तर सांगा.”

हे त्याला दोनदा सांगावं लागलं. पहिल्या खेपेला त्याच्या तोंडून आवाजच निघाला नाही.