रिकाम्या पडद्याचं संगीत

मंडळी, आज दुपारी आपल्या सिनेमागृहात चित्रपट नव्हता, फक्त वाद्यवृंद होता. पुढच्या आठवड्यात बोलपट येतो आहे. मूकपटाला साथ करणाऱ्या पाचही वादकांचं काम संपलं. मालक म्हणाले होते, आज लोकांना आवडलं तर मध्यंतरात वाजवायला ठेवून घेऊ.

माझे शेजारी गुरप्पा त्यांत पेटी वाजवतात. त्यांनी घोड्यांच्या पाठलागाचं संगीत सुरू केलं. सवयीनं पाचही जण आमच्याकडे पाठ करून, पांढऱ्या पडद्याकडे बघत बसले. कुठे थांबायचं ते त्यांना नेहमी चित्रच सांगत असे. आज चित्र नव्हतं, म्हणून पाठलाग संपेना.

"ओ गुरप्पा, घोडं दमलं की! तोंड तरी हिकडं करा!" मागून कुणी ओरडलं.

सगळे हसले. मीही हसलो. मालकांनी हात वर करून वाजवणं थांबवलं आणि कुणालाच ठेवणार नाही असं तिथेच सांगितलं.

बाहेर गुरप्पांनी मला गाठलं. "मास्तर, लई वाईट वाजलं का?"

"नाही हो, चांगलं वाजलं."

"मग हसला कशाला? पाठ असली तरी तुमचं हसू वळखू येतं मला."

मंडळी, मी त्यांना काय सांगायला हवं होतं? तुम्हीही हसला होता, म्हणून विचारतो.