निकान्द्रोविना पडलेला बर्फ

निकान्द्रो सात वर्षांचा होता तेव्हा पिएत्राफोस्का या डोंगरावरच्या गावात इतका बर्फ पडला की वडिलांनी त्याला वरच्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर काढून शेजारी दूध आणायला धाडलं. बाकीच्या पोरांच्या लक्षात तो हिवाळा राहिला तो शाळा बंद होती म्हणून. निकान्द्रोच्या लक्षात राहिली ती वडिलांनी बर्फात खुपसलेली लांब काठी. काठी सगळीच्या सगळी आत गेली आणि वडील म्हणाले, "अरे देवा, तळच लागत नाही!" तेव्हापासून निकान्द्रो जो बर्फ मोजत सुटला तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी मोजतच होता.

पोटापाण्यासाठी तो शाळेची बस चालवायचा. पण गावात कुणी त्याला बसवाला म्हणत नसे. तो "आपला बर्फवाला". त्याच्या बाल्कनीत झडपांच्या पांढऱ्या पेटीत तापमापक होता, खांबावर वारा मोजायच्या वाट्या गरगरायच्या आणि कठड्याशी बर्फ झेलायला एक पांढरी फळी मांडलेली असायची. त्याची बायको लोरेता बेकरीत कामाला होती. कपडे वाळत घालायला तिला बहिणीच्या घरी जावं लागे. "लोकांच्या नवऱ्यांना बायका असतात बाहेर," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "माझ्या नवऱ्याची बाल्कनीतच उभी आहे. पांढरी, थंडगार, आणि तिला झाकून ठेवावं लागतं."

निकान्द्रोसारखे आणखी दहाजण आसपासच्या भागात विखुरलेले होते. फोनवर त्यांचा गट होता. पलीकडच्या खोऱ्यातला साबीनो दातांचा डॉक्टर; पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून हा रशियावरच्या थंड हवेचे नकाशे बघत बसायचा. खाली समुद्रकाठी, तेर्मोलीत, फ्योरेल्लाबाई गणित शिकवायच्या. त्यांच्याकडे बर्फ पाच वर्षांतून एकदा पडला तर पडला, पण बाई दर हिवाळ्यात लिहायच्याच, "इथे चार अंश. आशा सोडलेली नाही." मग वरून उत्तर जायचं, "बाई, छत्री सोडू नका म्हणजे झालं."

यांचं सगळं लक्ष ईशान्येकडे. तिकडून गार वारा सुटला की वाटेत समुद्राचं पाणी पिऊन घेतो आणि डोंगरावर येऊन सगळं ओतून मोकळा होतो. पण वाऱ्याची दिशा जराशी चुकली की सगळा माल दुसऱ्याच्या दारात. दोन वर्षांपूर्वी नेमकं तेच झालं. निकान्द्रोने छातीठोकपणे सत्तर सेंटीमीटर सांगितला होता. सरपंचांनी त्याच्या शब्दावर शाळा बंद ठेवली, रस्त्यांवर मीठ टाकून घेतलं, आणि सकाळी असं लख्ख ऊन पडलं की बायकांनी गाद्या वाळत घातल्या. उल्देरिको न्हाव्याने दुकानाच्या काचेवर "हिमवादळामुळे बंद" अशी पाटी लावली आणि तिच्याखाली खुर्ची टाकून तो दिवसभर सदऱ्याच्या बाह्या वर करून ऊन खात बसला. निकान्द्रोची बस समोरून गेली की कपाळावर हात धरून ओरडायचा, "अरे, कुणीतरी वाचवा! गाडलो गेलो!"

हा उल्देरिको त्याचा बालमित्र. दोघं एकाच बाकावर बसून नापास झालेले.

त्यामुळे यंदा जानेवारीत नकाशांवर जोरदार बर्फाचे गडद जांभळे पट्टे दिसायला लागले तेव्हा निकान्द्रोने गावात अवाक्षर काढलं नाही. गटात मात्र आग लागली होती. साबीनो तासातासाला लिहीत होता. निकान्द्रो वाचायचा, बाल्कनीत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. सोमवारी जेवताना लोरेताने चमचा खाली ठेवला.

"किती?"

"काय किती?"

"तीस वर्षं झाली लग्नाला, मला शिकवू नकोस. किती पडणार?"

निकान्द्रोने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "दीड मीटर. जास्तही. उद्या संध्याकाळपासून." आणि त्याला राहवेना, "लोरेता, मी सात वर्षांचा होतो ना, तसा!"

लोरेताने छातीवर क्रूस काढला. मग म्हणाली, "मग उल्देरिकोचं कसं?"

निकान्द्रोनेही चमचा खाली ठेवला. उल्देरिकोची दोन्ही मूत्रपिंडं गेल्या वर्षी निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी गाडी येऊन त्याला डायलिसिससाठी तेर्मोलीच्या हॉस्पिटलात नेत असे. दीड मीटर बर्फ म्हणजे बुधवारी गाडी वर चढणार नाही. शुक्रवारचाही भरवसा नाही. गेले चार दिवस वाऱ्याचा वेग, समुद्राचं तापमान, कुठल्या उंचीवर किती थंडी, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं, आणि हे नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

मंगळवारी सकाळी पोरांना शाळेत सोडून तो तडक न्हाव्याच्या दुकानात गेला. एकजण फेस लावून खुर्चीत बसला होता, दोघे पेपर वाचत होते.

"आजच खाली चल," निकान्द्रो म्हणाला. "ओर्तेन्झियाकडे राहा शुक्रवारपर्यंत. मी सोडतो."

ओर्तेन्झिया उल्देरिकोची मुलगी, तेर्मोलीत राहायची.

"तिच्याकडे दोन खोल्या आणि तीन मांजरं आहेत. कशाला जाऊ?"

"बर्फ येतोय."

दुकानात हशा पिकला. फेसातून आवाज आला, "या खेपेला किती सेंटीमीटर ऊन पडणार, निकान्द्रो?"

निकान्द्रोने फोन काढला. उल्देरिकोने वस्तरा हलवला. "ते जांभळं-निळं मला दाखवू नकोस. मागच्या वेळीही जांभळंच होतं."

"उल्देरिको, ऐक. चुकलो तर हस. वर्षभर हस, चौकात उभं करून हस. पण बरोबर निघालो आणि तू इथे अडकून पडलास, तर मला पुन्हा जन्मात बर्फाकडे बघवणार नाही."

उल्देरिको गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस उगाचच दोनदा सारखा करत राहिला.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "तुझ्या बर्फाची मजा जाऊ नये म्हणून मी चार दिवस मांजरांचे केस खायचे?"

"हो."

"मग तसं सांगायचं ना सरळ. मी उगाच घाबरलो."

आभाळ बघून सरपंचांनी शाळा दुपारी बारालाच सोडली. पोरांना घरोघर पोचवून निकान्द्रोने आपली छोटी गाडी काढली. त्याचा हिशोब साधा होता: सव्वा तास जायला, सव्वा तास यायला, आणि बर्फ सहाला. पहिला कण फळीवर पडेल तेव्हा आपण तिच्याशेजारी उभे असणार.

बर्फाने त्याचा हिशोब मानला नाही. अर्ध्या वाटेवर, फाट्यावरच्या पेट्रोल पंपाशी, दीड वाजायच्या आतच काचेवर पहिला कण येऊन चिकटला. मग दुसरा. पाहता पाहता हवा भरून गेली. निकान्द्रोने गाडी थांबवली, खाली उतरला आणि तळवा पुढे धरून उभा राहिला. कापसाच्या बोळ्याएवढे कण होते, तिरपे, घाईत असल्यासारखे येणारे.

उल्देरिकोने काच खाली केली. त्याने मित्राचा चेहरा पाहिला. "परत जा तू," तो म्हणाला. "आत्ता निघालास तर पोचशील. मी इथून बसने जातो."

"दोनची बस रद्द झाली," पंपावरचा माणूस आतून ओरडला. "आता उद्याही येत नाही बहुतेक."

"मग कुणीतरी नेईल मला. जा रे."

निकान्द्रोने वर जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. पहिलं वळण अजून दिसत होतं, दुसरं दिसेनासं झालं होतं. एक्कावन्न वर्षं तो याची वाट बघत होता. त्याने तळव्यावरचं पाणी पँटला पुसलं, गाडीत बसला आणि गाडी उताराला घातली.

"गाढव आहेस," उल्देरिको म्हणाला.

तेर्मोलीत पाऊस पडत होता. उल्देरिकोला ओर्तेन्झियाच्या दारात सोडून, कॉफीसुद्धा न घेता निकान्द्रो उलटा फिरला. फाट्यावर पोलिसांची गाडी आडवी उभी होती. "वर झाडं पडलीत, रस्ता बंद," पोलीस म्हणाला.

"माझ्याकडे चाकांच्या साखळ्या आहेत. माझी फळी आहे वर. आणि हे वादळ मीच सांगितलं होतं हो!"

"मग आणखी दोन तास आधी सांगायचं होतं," पोलीस म्हणाला. पण वाईट वाटलं असावं त्याला, कारण निकान्द्रो पंधरा मिनिटं रस्त्याच्या कडेला घोटाभर बर्फात नुसता उभा राहिला तरी त्याने हटकलं नाही.

ओर्तेन्झियाने दार उघडलं तेव्हा तो डोक्यापासून पायापर्यंत ओला होता. "या काका," ती म्हणाली, "बाबा म्हणालेच होते, थोड्या वेळाने परत येईल म्हणून."

मग सुरू झाली फोनवरची मोजणी. "फळीवर पट्टी सरळ उभी धर. दाबायची नाही. वाचलंस की फळी पुसून पुन्हा मांड."

"मी पाव तोलते रोज, निकान्द्रो. मला वाचता येतं."

चार वाजता लोरेता म्हणाली, "एकोणतीस." सात वाजता, "आणखी चोवीस." आकडे ती आधी भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. बुधवारी सकाळी मात्र फोन उचलून तिने आकडा सांगितला नाही.

"लोरेता? किती?"

"थांब जरा," ती हळू आवाजात म्हणाली. "बाल्कनीत उभी आहे. गावात आवाजच नाही रे कसला. घंटेचासुद्धा आवाज असा येतोय, जणू रजईखालून. समोरच्यांचं दार दिसत नाही. आणि तुझ्या त्या पेटीवर एक छोटा पक्षी येऊन बसलाय, पिसं फुगवून." मग म्हणाली, "तू इथे असायला हवा होतास."

खिडकीबाहेर पाऊस पडत होता. पलंगावर एक मांजर त्याच्या स्वेटरवर झोपलं होतं.

गटात तर दिवाळी होती. साबीनोने दवाखाना बंद करून अंगणात उभं राहून फोटो टाकले होते. सगळे विचारत होते, पिएत्राफोस्कात किती? निकान्द्रोने लिहिलं, "एकशे एकवीस. मोजणारी लोरेता. मी तेर्मोलीत आहे." मग फ्योरेल्लाबाईंचं आलं: "इथे तीन अंश, पाऊस. निकान्द्रो, संध्याकाळी समुद्रावर या. मी एकवीस वर्षं अशीच बघत असते, सवय आहे मला." तो गेला. दोघं एका छत्रीत उभे राहून डोंगराच्या दिशेचं काळं आभाळ बघत राहिले. सहाच्या सुमाराला पावसात चार-दोन पांढरे ठिपके मिसळल्यासारखे झाले. बाईंनी त्याचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. जमिनीवर काहीच टिकलं नाही.

उल्देरिकोचं बुधवारचं डायलिसिस झालं, शुक्रवारचंही झालं. शुक्रवारी सुई लावून घेताना तो नर्सला सांगत होता, "हा बाहेर बसलाय ना, त्याच्यामुळे आहे मी इथे. नाहीतर आज वर मरत पडलो असतो." निकान्द्रो आत आला तसा तो म्हणाला, "काही नाही, मांजरांबद्दल बोलत होतो."

शनिवारी रस्ता उघडला. बर्फ सारणाऱ्या गाडीमागून ते चढत गेले. दोन्ही बाजूंना गाडीहून उंच पांढऱ्या भिंती, वर निळंशार आभाळ. उल्देरिकोने हात बाहेर काढून भिंतीवर बोटांनी रेघ ओढली, वळणामागून वळण ती तशीच ओढत नेली. निकान्द्रोने गाडी मुद्दाम सावकाश चालवली.

चौकात लोक फावडी घेऊन होते. उल्देरिको उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा सुरू झाला, "मी याला मंगळवारी सकाळीच म्हटलं, बाबा रे, वारा बघ, आजच निघूया!" निकान्द्रो गाडीतून त्याची पिशवी काढत राहिला. सरपंच येऊन निकान्द्रोचा हात बराच वेळ हलवत राहिले.

घरी लोरेताने राजमा घातलेला पास्ता चुलीवर ठेवला होता. टेबलावर त्याची वही उघडी होती. त्याच्या हातच्या पानांवर आजवर फक्त तारीख, वेळ, आकडा. आताची चार पानं तिच्या हातची होती. एकूण दोनशे चार, खाली दोन रेघा. आकड्यांच्या बाजूला बारीक अक्षरात: "दुपारी कण मोठे, मग पिठासारखे. पाद्री खिडकीतून आले-गेले. पक्षी अजून आहे. दळलेला प्रकाश."

"हे काय, दळलेला प्रकाश?" त्याने विचारलं.

"होता तसा," ती म्हणाली. "पिठाच्या गिरणीत दार उघडल्यावर असतो तसा. का, चुकलं का?"

"नाही." त्याने खुर्ची तिच्या जवळ ओढली. "पहिल्यापासून सांग. मंगळवारी पहिला कण पडला तेव्हा तू कुठे होतीस?"

"हात धू आधी," लोरेता म्हणाली, आणि ताटं वाढता वाढता सांगायला लागली.