चौदा नंबरचं झाड

संग्रहालयातले पहारेकरी तिला महापौरबाई म्हणायचे, आणि त्यात थट्टेपेक्षा खरंच जास्त होतं. तळमजल्याच्या मोठ्या हॉलमध्ये आख्खं शहर मांडलेलं होतं, लाकडाचं, हजार पटींनी लहान केलेलं, आणि त्यातलं एकही घर तिच्या हाताशिवाय उभं राहत नव्हतं की पडत नव्हतं. शहरात नवी इमारत झाली की तिचे नकाशे महापौरबाईंच्या टेबलावर यायचे. मग ती पातळ फळीतून इमारत कापायची, घासायची, रंगवायची आणि चिमट्याने जागेवर बसवायची. बाहेरच्या शहरात भोंगे, भांडणं, कचरा. तिच्या शहरात यातलं काही नाही. धूळ तेवढी होती, आणि ती मऊ केसांच्या कुंचल्याने झाडता झाडता तिची बावीस वर्षं गेली होती.

शहरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून हॉलच्या दोन्ही बाजूंना रूळ टाकले होते आणि त्यावर चाकांचा एक अरुंद पूल होता, घरांच्या हातभर वर. ती पुलावर चढायची, छातीखाली उशी घ्यायची आणि पालथी पडून शहरावरून सरकत राहायची. छतातले दिवे दर अर्ध्या तासात एक आख्खा दिवस उलटवायचे. पहाट व्हायची, ऊन चढायचं, संध्याकाळ उतरायची, मग अंधार पडून घराघरांत मोहरीएवढे दिवे लागायचे. दिवसातून सोळा वेळा रात्र बघणारं माणूस घड्याळावर कसा विश्वास ठेवणार? कधीकधी तिथेच तिचा डोळा लागायचा, आणि जाग आल्यावर क्षणभर वाटायचं की आपणही कुणाच्या तरी हातभर खाली आहोत आणि वरून कुणी जपून कुंचला फिरवतंय.

वसंतातली शाळेची आठवडाभराची सुट्टी जवळ आली की मात्र डुलक्या बंद. त्या आठवड्यात हॉलमध्ये ‘आपलं घर शोधा’ असायचं. आई-बाप मुलांना घेऊन यायचे, कठड्याशी उभे राहून पत्ता सांगायचे. महापौरबाई पुलावरून सरकत जाऊन त्या छपरावर तांबडी निशाणी टोचायची, आणि मग घरातले सगळे एका दुर्बिणीवरून भांडायचे. आपलं घर करंगळीच्या नखाएवढं बघून माणसं हळू आवाजात का बोलायला लागतात, हे तिला कधी कळलं नाही. पण लागतात खरी.

सुट्टीआधी झाडं हिरवी करायची असत. हिवाळाभर ती नुसत्या तारेची असायची. स्पंजचा चुरा रंगवून त्यांना पालवी चिकटवायचं काम तिच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाले. नवरा सहा-सहा महिने जहाजावर, त्यामुळे घरात तिघंच. ती, तिची नऊ वर्षांची मुलगी आणि तिचे वडील अप्पा. मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं. अप्पा निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं त्यांनी एकच बीट, पत्रवाटपाचे तेच ठरलेले रस्ते, चालून काढलं होतं आणि आपल्या हातून एक पत्र परत गेलं नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. कुठल्या रस्त्यावरचं झाड आधी पालवतं, कुठलं मागून, हे त्यांना पाठ होतं.

“नदीकाठची आधी,” ते म्हणत. “मग शाळेसमोरची. चौदा नंबरसमोरचं सगळ्यात शेवटी. त्याला कसली घाईच नाही.”

चौदा नंबर म्हणजे त्यांचं जुनं घर. महापौरबाई तिथेच जन्मली, तिथेच वाढली. पाच वर्षांपूर्वी अप्पांचा गुडघा गेला आणि ते हिच्या लिफ्टच्या इमारतीत राहायला आले. दार ओढून घेताना म्हणाले होते, “गुडघा बरा झाला की येतोच परत.” घरमालकांनी हो म्हटलं. किल्ली अजून इथल्या दाराजवळच्या खिळ्याला होती.

दोन वर्षांपूर्वीच्या पानगळीत मालकांनी घर विकलं आणि चौदा नंबर पाडलं गेलं. नकाशे रीतसर महापौरबाईंच्या टेबलावर आले. जुनं घर काढायचं, वीस मजली इमारत बसवायची. तिने इमारत केली, अगदी झकास केली, आणि खणात ठेवून दिली. संग्रहालयाच्या साहेबांनी विचारलं तर रंग वाळतोय म्हणायची. रंग दोन वर्षं वाळत होता.

कारण सुट्टीत एक दिवस अप्पाही हॉलमध्ये यायचे. कठड्याशी खुर्ची टाकून दुर्बिणीतून आपलं घर बघायचे आणि म्हणायचे, “आहे हो. छान आहे.” त्या एका वाक्यासाठी तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. खरं सांगितलं तर अप्पा खचतील, त्या किल्लीकडे बघत बसतील, अशी तिला धास्ती वाटे. भिंगरीला सगळं ठाऊक होतं. “आई, आजोबांना सांगून टाक ना,” ती अधूनमधून म्हणायची, आणि आई म्हणायची, “बघू.” घरोघरी या ‘बघू’खाली किती गोष्टी गाडलेल्या असतात कोण जाणे.

यंदा सुट्टीच्या पहिल्याच दिवशी, सोमवारी, आईचं बोट धरून एक सहा-सात वर्षांची मुलगी आली. पुढचे दोन दात पडलेले. तिने कठड्यावर हनुवटी टेकून ऐटीत पत्ता सांगितला. रस्ता तोच. नंबर चौदा.

महापौरबाईंनी पत्ता पुन्हा विचारला, तोच निघाला. तरी ती सवयीने पुलावरून सरकत गेली आणि त्या गल्लीवर येऊन थांबली. खाली तिचंच दोन मजली घर होतं, उतरत्या छपराचं, समोर हिरवं केलेलं झाड. निशाणी हातातच राहिली.

“तुमचं घर अजून यायचंय,” ती वरूनच म्हणाली. “शनिवारी या. तोवर येईल.”

“पण आम्ही तर राहतो तिथं,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. शेजारच्या मुलांना आपापली घरं मिळत होती. ती दुर्बिणीतून बराच वेळ त्या गल्लीत काहीतरी शोधत राहिली, मग आईने तिला नेलं.

त्या आठवड्यात महापौरबाईंना काही गोड लागेना. बावीस वर्षांत तिने कुणाला त्याचं घर नाकारलं नव्हतं. एकीकडे त्या पोरीचं घर खणात कोंडलेलं, दुसरीकडे म्हाताऱ्याचं ‘आहे हो’. मंगळवारी तिने खण उघडला आणि बंद केला. गुरुवारी इमारत हातात घेऊन पुलापर्यंत गेली आणि गोंद विसरला म्हणून परत आली. गोंद खिशातच होता. शुक्रवारी अप्पा म्हणाले, “यंदा मी शनिवारी येतो,” आणि तिचं उरलंसुरलं अवसानही गेलं.

शनिवारी हॉल फुलून गेला होता. अप्पा कठड्याशी खुर्चीवर, भिंगरी त्यांच्या मागे खुर्चीला गिरक्या घालत. छतात पहाट चालू होती. दात पडलेली मुलगी आईला ओढत आली आणि थेट अप्पांशेजारी उभी राहिली.

“आलं का आमचं घर?” तिने वर बघून विचारलं. “चौदा नंबर.”

महापौरबाई पुलावर होती. तिने अप्पांकडे बघितलं नाही. “अजून जरा,” ती म्हणाली, “रंग...” आणि झाडलेलंच छप्पर पुन्हा झाडू लागली.

अप्पांनी दुर्बीण खाली ठेवली. मुलीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

“मला वर घे,” ते म्हणाले.

“अप्पा, गुडघा.”

“तिथे पालथंच पडायचंय ना? गुडघ्याला काय काम?”

नियमाने कुणालाही वर घ्यायचं नव्हतं. पण दारावरच्या पहारेकऱ्याने ऐनवेळी छताकडे बघायला सुरुवात केली, आणि भिंगरीने स्टूल आणलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अप्पा कण्हत, कुंथत, स्वतःला शिव्या घालत पुलावर आडवे झाले. तिने उशी त्यांच्या छातीखाली सरकवली, त्यांच्या शेजारी पडली आणि दोरी ओढली.

पूल निघाला तशी खालून नदी सरकू लागली. अप्पांनी मान पुलाबाहेर काढली. मग पोस्टाची इमारत आली आणि त्यांच्या तोंडून घरं निघायला लागली, हलकेच, झोपेत बोलल्यासारखी. “शिंपीकाका. याची मनीऑर्डर दर एक तारखेला. इथे कुत्रं. पत्र कुंपणावरून फेकायचं. या दोघी बहिणी एकाच घरात राहून एकमेकींना पत्रं लिहायच्या, हसू नकोस, खरंच लिहायच्या.” चाळीस वर्षं ज्या रस्त्यांनी पाय झिजवले, त्यांवरून ते आता तरंगत चालले होते आणि एकही पायरी चढावी लागत नव्हती. कठड्याशी उभी असलेली मुलंही पुलाबरोबर सरकत होती. तिला लहानपणीसारखं वाटलं, सायकलच्या दांडीवर बसून अप्पांबरोबर बीटवर निघाल्यासारखं, आणि हा पूल कुठे थांबूच नये असं वाटलं.

चौदा नंबरवर तो थांबला.

“काढ ते,” अप्पा म्हणाले.

तिने हात मागे घेतले.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. कडा मऊ झालेल्या. पत्त्यावर अप्पांचं टपोरं अक्षर, चौदा नंबर, कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा पत्ता, आणि त्यावर जांभळा शिक्का, ‘असा पत्ता नाही’. तारीख दोन वर्षांपूर्वीच्या पानगळीतली. मागे लिहिलं होतं:

घरास सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत. पोरीकडे लिफ्ट आहे, तरी मला जिनाच आठवतो. तिसरी पायरी अजून कुरकुरते का? कळव.

“पोस्टमन काही उगाच शिक्का मारत नाही,” अप्पा म्हणाले. “परत आलं त्याच दिवशी समजलो.”

“मग दोन वर्षं ‘आहे हो, छान आहे’ का म्हणत होतात?”

“तू इतकं जपून ठेवलं होतंस. वाटलं, तुलाच सोडवत नाहीये. तुझा जीव आहे त्यात, तर आपण कशाला बोला.”

तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्याने नाक तेवढं वाहिलं. अप्पांनी रुमाल दिला. “शहरावर पडेल,” ते म्हणाले. “आणि त्या पोरीला ताटकळत ठेवू नकोस. राहतं घर आहे तिचं, आणि आपण म्हणायचं असा पत्ता नाही?”

भिंगरीने खणातून इमारत आणून काठीच्या टोकावरच्या टोपलीतून वर पोचवली. जुनं घर सहज निघेना, गोंद महापौरबाईंनीच लावला होता. तिने पातं सरकवलं, अप्पांनी बॅटरी धरली, आणि घर सुटून तिच्या तळहातावर आलं. त्या जागी इमारत उभी राहिली, बोटभर उंच. घराबरोबर झाडाची तारही ती उपटायला गेली, कारण नव्या नकाशात झाड नव्हतं.

“झाड नको काढू,” कठड्यावरून दात पडलेली मुलगी म्हणाली. “झाड आहे. आमच्या खिडकीसमोर.”

तिने चिमटा मागे घेतला. तिने इमारत नकाशावरून केली होती. त्या गल्लीत जाऊन बघायचं धाडस तिला दोन वर्षांत झालं नव्हतं.

“पानं आलीत का त्याला?” अप्पांनी विचारलं.

“नाही. सगळ्यांना आली. त्यालाच नाही. आई म्हणते मेलं असेल.”

“मेलं नाही,” अप्पा म्हणाले. “तेच आहे. त्याला घाई नसते.”

महापौरबाईंनी ती हललेली तार पुन्हा घट्ट रोवली. तिच्यावर घरच्या टेबलावर चिकटवलेली पालवी होती, ती चिमट्याने एकेक करून काढली, कारण खोटं पुरे झालं होतं. मग छपरावर तांबडी निशाणी टोचली. खाली मुलगी दुर्बिणीला डोळा लावून हळू आवाजात आईला सांगत होती, की ती खिडकी माझी.

रविवारी, सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, तिघं दोन बस बदलून तिथे गेली. इमारत चकचकीत होती, झाड उघडंबोडकं. अप्पा झाडाच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. मग आतल्या पत्रपेट्यांची रांग त्यांनी जुन्या सवयीने डावीकडून वाचत नेली, आणि ते कार्ड, शिक्क्यासकट, त्या मुलीच्या आईने आदल्या दिवशी सांगितलेल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या पेटीत टाकलं. आयुष्यात परत आलेलं ते त्यांचं एकच पत्र होतं. परतताना बसमध्ये ते भिंगरीच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले, आणि ती गिरक्यांची पोर घरापर्यंत हलली नाही.

शाळा सुरू झाल्या. हॉल पुन्हा रिकामा झाला आणि महापौरबाईंच्या डुलक्याही सुरू झाल्या. बारा-तेरा दिवसांनी ती कामावरून आली तेव्हा अप्पा दारातच उभे होते, हातात कार्ड. आधी त्यांनी तिला शिक्का दाखवला, तारीख दाखवली, तिकीट सरळ लावलंय हे दाखवलं. मग वाचायला दिलं. अक्षरं पेन्सिलीची, वाकडी, एकमेकांवर चढलेली.

आजोबांना सप्रेम नमस्कार. आमचा जिना कुरकुरत नाही. पण लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर कुरकुरते. आज झाडाला पानं आली.

पाठवणाऱ्याचा पत्ता होता चौदा नंबर. महापौरबाई चपला न काढता तशीच आत गेली, स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा हिरव्या चुऱ्याचा डबा पिशवीत टाकला आणि पुन्हा कामावर निघाली.