विंडोज डीफॉल्ट करायचं राहिलं

रविवारी गावी आमच्या दूध संकलन केंद्राच्या कॉम्प्युटरवर मी माझ्या कामासाठी विंडोजशेजारी लिनक्स टाकलं. विंडोज डीफॉल्ट करायचं, म्हणजे कॉम्प्युटर चालू केल्यावर आपोआप तेच उघडेल असं ठेवायचं, राहिलं.

आज सकाळी मी नागापूरला कंपनीत असताना अप्पांचा फोन आला. "दुसरंच कायतरी चालू हुतंय. फॅटची नोंद कुटं करू? लोकं कॅन घेऊन हुबी हायती."

"बंद करून चालू करा. यादी आली की दहा सेकंदांत विंडोज निवडा."

"चष्मा लावस्तोवर जाती ती यादी."

तीनदा तेच झालं. मागून कोणीतरी म्हणालं, "पोरगी इंजिनेर हाय ना तुमची?"

"ती कामावर हाय," अप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

नोंदीशिवाय दूध घेता आलं नाही आणि टँकर थांबला नाही. सगळ्यांचं दूध कॅनमध्येच राहिलं.

एका ओळीची सेटिंग आहे, पण इथून मला ती बदलता येत नाही. आता अप्पांना फोन करून काय सांगू?